फ्लॉवरवर बीटी पावडर: दोन हंगाम वापरून पाहिल्यावर

फवारणीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं फ्लॉवरच्या सऱ्यांत वाकून पानं उलटत होतो. अळ्या होत्या तिथेच होत्या. हिरव्या, बारीक, डिवचलं की वळवळत मागे सरकणाऱ्या आणि धाग्याला लटकून खाली उतरणाऱ्या. कोबी-फ्लॉवर करणाऱ्याला या डीबीएमची, म्हणजे चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळीची ओळख करून द्यायला नको. हे म्हणाले, "पैसे पाण्यात गेले. उद्या नेहमीचं औषध आणतो." मी एक पान तोडून उजेडाकडे धरलं आणि म्हटलं, "विष्ठा बघा." कालची वाळलेली काळी टिंबं होती, ताजं एकही नव्हतं. अळ्या जिवंत होत्या, पण दिवसभरात त्यांनी घासही खाल्ला नव्हता. चौथ्या दिवशी त्यातल्या बहुतेक काळपट, लिबलिबीत होऊन पानाला चिकटलेल्या सापडल्या.

बीटी पावडर, म्हणजे अळी मारणाऱ्या जिवाणूची भुकटी, वापरून "काही उपयोग नाही" म्हणणारे बरेचजण दुसऱ्या दिवशी हात टेकतात. आमच्याकडेही तेच झालं असतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी वस्तू सांगते. ५०० ग्रॅमचा पुडा, मला ६४० रुपयांना पडला. पाण्यात मिसळणारी फिकट तपकिरी भुकटी, ताकासारखा आंबूस वास. पुड्यावर लिहिलेलं असतं: बॅसिलस थुरिंजिएन्सिस, प्रकार कुर्स्ताकी. कंपनीचं नाव देत नाही, कारण दोन हंगामांत दोन कंपन्यांचे पुडे वापरले आणि मला जो फरक जाणवला तो कंपनीचा नव्हता, पुडा कुठे आणि कसा ठेवला होता याचा होता. आमचा फ्लॉवर २२ गुंठे, जुन्नर तालुक्यात. १५ लिटरच्या पंपाला ३० ग्रॅम, साधारण आठ पंप लागतात, म्हणजे एका पुड्यात दोन फवारण्या होऊन जातात. हंगामात चार फवारण्या केल्या, खर्च तेराशेच्या आत राहिला.

मी बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं होतं. लग्नानंतर शेतीत आले आणि पंधरा वर्षं त्या पदवीचा वरकरणी काहीच उपयोग झाला नाही. हा पुडा हातात आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की जे शिकले ते माझ्या बांधावर आलं आहे. कारण या पुड्यावरची प्रत्येक सूचना या जिवाणूच्या विषाच्या रेणूच्या घडणीतून आलेली आहे. घडण कळली की सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

मातीत राहणारा हा जिवाणू अन्न संपत आलं की टणक कवचाचा बीजाणू बनवतो. त्याच वेळी, त्याच पेशीत, बीजाणूच्या शेजारी तो प्रथिनाचा एक स्फटिक रचतो. इंग्रजीतल्या क्रिस्टलवरून या प्रथिनांना क्राय म्हणतात. मागच्या वर्षी पुण्याला गेले तेव्हा चिमूटभर पावडर कागदात बांधून कॉलेजच्या जुन्या बाईंकडे नेली. त्यांनी काचपट्टीवर थेंब पसरून प्रथिनाला चढणाऱ्या कूमासी ब्लू या रंगाने रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाच्या १०० च्या भिंगाखाली तेल घालून लावला. बीजाणू रंग न घेता चमकत राहिले आणि त्यांच्यामध्ये निळ्याशार शंकरपाळ्या विखुरलेल्या. जेमतेम एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या. दोन पिरॅमिड तळाशी जोडले तर जो आकार होईल तो. मी कितीतरी वेळ डोळा काढला नाही. आमच्या पंपातून फवाऱ्याबरोबर हे असे कोट्यवधी तुकडे पानांवर बसत होते.

स्फटिकातलं प्रथिन अजून विष झालेलं नसतं. क्राय१एसी या प्रकाराची साखळी ११७८ अमिनो आम्लांची, आणि तिच्यातली शेवटची जवळजवळ निम्मी लांबी फक्त स्फटिक घट्ट बांधून ठेवण्यासाठी असते. साध्या पाण्यात हा स्फटिक विरघळत नाही. तो विरघळायला सामू (पीएच) चांगला वर लागतो, नऊ-दहाच्या पुढे. असा सामू जिवंत प्राण्याच्या पोटात क्वचित सापडतो. पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांच्या आतड्यात मात्र तो रोजचाच आहे. आपल्या जठरात नेमकं उलट, तिथे आम्ल आहे.

अळीने पान खाल्लं की स्फटिक आतड्यात सुटा होतो. मग तिचेच पाचक रस साखळीची ती लांब शेपूट कातरून टाकतात. सुमारे ६०० अमिनो आम्लांचा गाभा मागे राहतो आणि हाच कामाचा भाग. जेवण पचवायला निघालेली अळी स्वतःच्या हाताने विषाचं झाकण उघडते.

या गाभ्याचा आकार पहिल्यांदा १९९१ साली केंब्रिजमधल्या संशोधकांनी क्ष-किरणांनी उलगडला. ते प्रथिन भुंगेऱ्यांवर चालणारं क्राय३ए होतं, पण अळीवरच्या क्राय१ची ठेवणही तीच निघाली. तीन भाग. पहिला म्हणजे कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणा: सात पिळदार दांड्या, सहा भोवती आणि एक अगदी मधोमध. दुसरा भाग तिधारी, प्रथिनाचे तीन पत्रे एकमेकांना टेकवून केलेला. त्याच्या टोकाला बोटांसारखी वळणं बाहेर आलेली, आणि कोणत्या अळीला पकडायचं हे मुख्यतः ही बोटं ठरवतात. तिसरा भाग दोन पत्र्यांचा, एकावर एक दाबलेल्या भाकऱ्यांसारखा. क्राय१एसीच्या या तिसऱ्या भागात एक खोलगट जागा आहे, तिच्यात अळीच्या पेशीवरच्या एका विशिष्ट साखरेचं टोक बसतं.

पुढचं काम असं चालतं. अळीच्या मधल्या आतड्याच्या पेशींना आतल्या बाजूने झालरीसारखे बारीक केस असतात. त्यावर कॅडहेरिन नावाचं प्रथिन असतं. विषाची बोटं त्याला धरतात. धरल्यावर पेंढीतली पहिली दांडी कापली जाते आणि मोकळे झालेले रेणू एकमेकांना चिकटून चौकडी करतात. ही चौकडी मग दुसऱ्या एका प्रथिनाला, अमिनोपेप्टिडेजला जाऊन धरते आणि पेशीच्या पटलाशी टेकते. तिथे पेंढी उलगडते. चौथी आणि पाचवी दांडी जोडीने पटलात खोल घुसते आणि बाकीच्या दांड्या पटलावर छत्रीच्या काड्यांसारख्या पसरतात. शास्त्रज्ञांनीही या रचनेला छत्रीचंच नाव दिलं आहे. चौघांच्या दांड्या मिळून मध्ये जी पोकळी राहते, ते भोक. रुंदी १ ते २ नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये अशी पाच ते दहा लाख भोकं ओळीने मावतील.

या टप्प्यांच्या क्रमावर संशोधकांत वाद आहेत. मी सांगितलेला क्रम मेक्सिकोतल्या अलेहांद्रा ब्राव्हो आणि मारियो सोबेरॉन यांच्या गटाने मांडलेला आहे. भोक पडतं याबद्दल मात्र फारसं दुमत नाही.

एवढ्याशा भोकाने काय होतं? अळीचं आतडं पोटॅशियम एका बाजूला साठवून ठेवण्याच्या जोरावर अन्न शोषतं. भोक पडलं की ही बंदिस्ती संपते. क्षार आत, त्यामागे पाणी आत, पेशी फुगते आणि फुटते. बांध फुटल्यावर खाचरातलं पाणी जसं सगळीकडे एका पातळीला येतं, तसं. आतडं लुळं पडतं आणि अळी खायचं थांबते. हे काही तासांत होतं. मरण मात्र दोन ते पाच दिवसांनी येतं, उपासमारीने आणि फाटक्या आतड्यातून शरीरात शिरलेल्या जिवाणूंनी. म्हणजे दुसऱ्या दिवशी अळी मेली का हे बघणंच चुकीचं. पान कुरतडलं जातंय का ते बघायचं. आपलं नुकसान अळीच्या जगण्याने होत नाही, खाण्याने होतं.

आता पुड्यावरच्या सूचना घ्या.

"सायंकाळी फवारावे." प्रथिन आणि बीजाणू दोन्ही उन्हातल्या अतिनील किरणांनी बिघडतात. उघड्या पानावर त्यांचा जोर एक-दोन दिवसांतच निम्म्यावर येतो. आम्ही साडेपाचनंतर पंप पाठीवर घेतो, म्हणजे पूर्ण रात्र अळीच्या खाण्याला मिळते. पहिल्या वेळी सकाळी नऊला मारलं होतं आणि निकाल अर्धामुर्धा आला होता.

"पानाच्या खालच्या बाजूस पोहोचेल असे फवारावे." विष अंगावर पडून काहीच करत नाही, ते पोटातच जावं लागतं. अळी खाते खालच्या बाजूला. फ्लॉवरच्या पानावर मेणाचा थर असतो, पाणी गोळी होऊन घरंगळतं, म्हणून स्टिकर, म्हणजे फवारा पानाला चिकटवणारं द्रावण, घातल्याशिवाय मी फवारत नाही.

"लहान अळीवर वापरावे." मोठी अळी जास्त डोस पचवते, आणि तिचं आतडं फुटलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी भरूनही काढू शकतं. डीबीएमची एक गंमत लक्षात ठेवा: अंड्यातून निघालेली अगदी पहिली अवस्था पानाच्या आत बोगदा करून खाते, तिथे फवारा पोहोचत नाही. ती बाहेर पडली की खरी वेळ. पानावर नागमोडी पांढरट रेघा दिसायला लागल्या की मी दोन दिवस मोजते आणि तिसऱ्या संध्याकाळी फवारते.

"क्षारयुक्त किंवा बोर्डो मिश्रणाबरोबर मिसळू नये." ज्या सामूने स्फटिक अळीच्या पोटात उघडतो, तसाच सामू टाकीत मिळाला तर तो तिथेच सैल पडायला लागतो आणि उघडं पडलेलं प्रथिन पानावर टिकत नाही. आमच्या बोअरच्या पाण्याचा सामू कागदाने मोजला तर साडेआठच्या जवळ निघाला. आता दोनशे लिटरच्या ड्रममध्ये आधी थोडं लिंबूसत्व घालते, कागद सातच्या रंगावर आला की मगच पावडर. कालवलेलं पाणी त्याच संध्याकाळी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. ही एक गोष्ट दुकानात कोणी सांगितली नव्हती, आणि माझ्या मते निकालात मोठा फरक तिनेच पडला.

आता तक्रार. पहिल्या हंगामातला दुसरा पुडा तालुक्याच्या एका दुकानातून आणला. मुदत संपायला महिना होता. पुडा वरच्या फळीवर, पत्र्याच्या छपराखाली, एप्रिल-मेचा उन्हाळा काढलेला. फोडला तर आत गाठी. फवारलं, तीन दिवस थांबले, पानं कुरतडली जातच होती. दुकानदार म्हणाले, "ताई, जैविक औषध असंच असतं, कधी लागू पडतं कधी नाही." हे मला अजिबात पटलं नाही. म्हणून घरी एक छोटी तपासणी केली, कोणीही करू शकेल अशी.

फ्लॉवरची स्वच्छ पानं घेतली. काही जुन्या पुड्याच्या पाण्यात बुडवली, काही नव्याने आणलेल्या पुड्याच्या, काही नुसत्या पाण्यात. सुकवून बरण्यांत ठेवली, तोंडाला मलमलचं फडकं. प्रत्येक बरणीत वीस-वीस बारीक अळ्या सोडल्या. चौथ्या दिवशी नव्या पुड्याच्या बरणीत १७ मेलेल्या, जुन्याच्या बरणीत ५, नुसत्या पाण्यात १. नव्या पुड्याच्या पाण्यात बुडवलेल्या आणखी एका पानावर मुद्दाम पूर्ण वाढलेल्या वीस अळ्या सोडल्या होत्या, त्यांतल्या ६ मेल्या. सगळं त्या बरण्यांत दिसलं: पुड्याचं वय आणि अळीचं वय, दोन्ही.

बाईंना मी हा जुना पुडाही दाखवला होता. भिंगाखाली त्यातही शंकरपाळ्या होत्याच. स्फटिक दिसतो म्हणजे त्यातलं प्रथिन शाबूत आहे असं नसतं. उष्णतेने आणि दमटपणाने प्रथिन बिघडतं, आकार तसाच राहतो. माझा अंदाज आहे की त्या पुड्याचं तेच झालं. म्हणून सांगते, विकत घेताना उत्पादनाची तारीख बघा, सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, आणि दुकानात तो कुठे ठेवलाय ते बघायला लाजू नका. घरी आम्ही माठाशेजारच्या कोनाड्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो.

सासूबाईंनी पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "जिवाणूचं विष म्हणतेस, आणि तेच भाजीवर मारतेस?" प्रश्न अगदी रास्त आहे. भोकं पाडणारी विषं जिवाणूंच्या जगात खूप आहेत आणि त्यातली काही माणसाची वैरी आहेत. कॉलेजात आम्ही मेंढीच्या रक्ताच्या बशीवर स्टॅफिलोकोकस ऑरियस वाढवायचो. सकाळी बशी उघडली की प्रत्येक ठिपक्याभोवती लाल रंग जाऊन स्वच्छ कडं पडलेलं असायचं. तिथल्या रक्तपेशी फुटलेल्या असायच्या. त्या जिवाणूच्या अल्फा विषाचे सात रेणू गोलाकार जमतात आणि छत्रीऐवजी अळिंबीसारखा आकार घेतात, देठ पटलात, टोपी वर. त्याला धरायला आपल्या पेशींवर जागा आहे.

क्रायला आपल्याकडे तीन अडथळे आहेत. जठरात स्फटिक नीट उघडायला हवा तो सामू नाही. जे काही प्रथिन सुटेल ते आम्लात पचून जातं. आणि आपल्या आतड्यावर अळीच्या आतड्यासारखी पकड नाही, बोटं धरणार कशाला? सासूबाईंना मी एवढंच सांगितलं की कुलूप अळीच्या पोटात आहे, आपल्या पोटात नाही. तरीही पुड्यात जिवंत बीजाणू असतात आणि भुकटी डोळ्यांत, नाकात गेली तर झोंबते. त्यामुळे कालवताना तोंडाला फडकं आणि डोळ्यांना चष्मा असतोच, आणि भाजी आम्ही धुतल्याशिवाय चिरत नाही.

हा मुद्दा मी इतका ताणते आहे त्याला कारण आहे. माझी मोठी बहीण यवतमाळ जिल्ह्यात दिलेली, त्यांच्याकडे कापूस. २०१७ च्या हंगामात त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते आठवडे बहिणीचा फोन आला की छातीत धस्स व्हायचं. त्याच्या पुढच्या वर्षी आमच्याकडे, वाऱ्याची दिशा बदलल्यावर फवारा अंगावर येऊन, यांना बांधावरच चक्कर आली. उलट्या झाल्या, रात्र दवाखान्यात काढली. मेंदू-मज्जातंतूंवर चालणारी बरीच औषधं अळीच्या आणि माणसाच्या मज्जातंतूत फारसा भेद करत नाहीत. बीटी करते. आता आठही पंप मारून हे घरी येतात, हातपाय धुऊन जेवायला बसतात. माझ्यासाठी या पावडरीचा सर्वात मोठा गुण हाच, अळी मरण्याच्या टक्केवारीच्या आधीचा.

दुसरा गुण शेतात दिसतो. चार फवारण्यांनंतरही फ्लॉवरवर ढालकिडे हे मित्रकीटक होते, आणि अळ्यांच्या जागी कोटेशियाचे बारीक पांढरे कोष दिसले. ही गांधीलमाशीची लहानशी बहीण अळीत अंडी घालते. जुन्या औषधाच्या वर्षांत हे कोष मी एकदाही पाहिले नव्हते. मधमाश्यांनाही या विषाचा त्रास नाही.

एका जिवाला मात्र सांभाळा. आमच्या शिवेपलीकडे शेजाऱ्यांनी तुती लावली आहे, रेशीम किड्यांसाठी. रेशीम किडाही पतंगाचीच अळी, तिच्या आतड्यातही तीच कुलपं. हा जिवाणू जगाला पहिल्यांदा सापडला तोच मुळी रेशीम किड्यांत: १९०१ साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना, मरणाऱ्या किड्यांच्या रोगाचं कारण म्हणून. दहा वर्षांनी जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठातल्या पतंगाच्या अळीत मिळाला आणि थुरिंजिया प्रांतावरून त्याचं नाव पडलं. मी फवारणीच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकांना फोन करते. वारा तुतीकडे असेल तर त्या दिवशी पंप काढत नाही. मराठवाड्यात रेशीम बरंच वाढलंय, तिथल्या वाचकांनी हे गांभीर्याने घ्यावं. पुड्यावर हा इशारा मला मोठ्या अक्षरांत दिसला नाही आणि तो असायला हवा, यासाठी मी गुण कापते.

काय होत नाही तेही सांगते. मावा, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर शून्य उपयोग. ते रस शोषतात, पान चावत नाहीत, स्फटिक त्यांच्या पोटात जातच नाही. पावसाळी लावणीत दर चार दिवसांनी सरी आल्या तर फवारा धुऊन जातो आणि पुन्हा मारावं लागतं. आणि ज्याला शेतात रोज फिरून पानं उलटायला वेळ नाही, त्याने यावर विसंबू नये.

राहता राहिली अळीची प्रतिकारशक्ती. बोटं धरतात ती मूठच बदलली की विष निकामी होतं, कारण भोक पाडायच्या आधी पकड हवी. फवारलेल्या बीटीला शेतात पचवायला शिकलेला पहिला कीटक म्हणून नोंद झाली ती आपल्याच डीबीएमची, १९९० साली, हवाईमधल्या शेतांतून. सतत तेच मारल्याचा परिणाम. कपाशीत तर झाडच हे प्रथिन करतं. २००२ मध्ये क्राय१एसी असलेलं बियाणं भारतात आलं, २००६ मध्ये क्राय२एबीची जोड दिली, आणि तरी गुलाबी बोंडअळी दोन्हींना पुरून उरली. आपल्याकडच्या बोंडअळ्यांत कॅडहेरिनच्या जनुकातच बदल सापडले. बहिणीच्या घरी बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटीची छोटी पिशवी यायची, कडेने लावायला, म्हणजे साध्या अळ्याही जगतील आणि त्यांचे पतंग मिसळून प्रतिकार पातळ राहील. ती पिशवी त्यांच्या गावात जवळजवळ कोणीच लावली नाही. मेहुणे आता सांगतात, तेव्हा दोन ओळी वाया घालवायला जीव झाला नाही.

म्हणून मी सलग दोनपेक्षा जास्त वेळा कुर्स्ताकी मारत नाही. मध्ये निंबोळी अर्क घेते. त्याच जिवाणूचा आयझावाई नावाचा दुसरा प्रकार आहे, त्यात क्राय१सी असतं आणि त्याची पकड वेगळ्या जागी बसते. तो आमच्या तालुक्यात मिळत नाही, पुढच्या लावणीसाठी पुण्याहून मागवायचं ठरवलं आहे.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. एक गुण रेशीम किड्यांच्या इशाऱ्यासाठी आणि दुकानांतल्या साठवणुकीसाठी कापला. ताजा पुडा, सातचा सामू, लहान अळी आणि संध्याकाळ, एवढं जमत असेल त्याने जरूर घ्यावा.

फ्लॉवरच्या कडेने मोहरीच्या दोन ओळी लावते, पतंग अंडी घालायला मोहरीकडे आधी जातात. त्या ओळींवर मी काहीच फवारत नाही. यांना ते अजून पटलेलं नाही, मोहरीची पानं चाळणी झालेली बघून दर वेळी पंप तिकडे वळवायला निघतात. मी तिथल्या अळ्या राहू देते. त्यांचे पतंग फ्लॉवरवर येतील हे मला माहीत आहे. आले तर आतड्यात जुनीच कुलपं घेऊन येतील.